रिकाम्या थैल्यांचं पंचांग

मेहिताबेल थॉर्नचा नवरा दरवर्षी आपल्या पंचांगात डिसेंबरच्या पानावर पैशाच्या थैलीवर दोन ओळी छापायचा. थैली फुगली की सोयरे जमतात, आटली की कुत्रंही ओळख देत नाही, असलं काहीतरी. मॅसेच्युसेट्सच्या त्या गावात फुगलेली थैली पाहिली होती कुणी? नाणं म्हणजे उंबराचं फूल. पंचांगाच्या बदल्यात लोक चीज, सरपण नाहीतर सुकवलेली सफरचंदं आणून द्यायचे.

नवरा गेला आणि छापखाना तिच्या गळ्यात आला. कागदवाल्यानं साफ सांगितलं, "रोख द्या, नाहीतर कागद करायला लिननच्या चिंध्या. चीज खाऊन कंटाळलो मी."

हिवाळ्याआधी पंचांग निघालं नाही, तर छापखान्याला कुलूपच लागणार होतं. आणि चिंध्या आणायच्या कुठून? इथे ठिगळालाही ठिगळ लावत. शेवटी वैतागून तिनं उरल्यासुरल्या कागदावर पत्रक छापलं आणि गावात वाटलं: ‘शेजाऱ्यांनो, थैली रिकामी असेल तर थैलीच पाठवा.’

दुसऱ्या दिवशी पलीकडची डिलिव्हरन्स आली. झग्याखाली कमरेला बांधायची लिननची थैली तिनं टेबलावर टाकली. थैलीवर निळ्या दोऱ्याचे पक्षी होते.

"हे काय?"

"तूच मागितलीस ना? धुतलीय हो, नाक मुरडू नकोस."

"अगं, मी चिडून लिहिलं होतं."

"ते साऱ्या गावाला कळलं. पण कागदवाला लिनन घेतो की नाही?"

मेहिताबेल ओशाळली. तिनं पक्ष्यांवरून बोट फिरवलं. "हे तर तुझ्या लेकीच्या हातचं."

"हो. पेटीत ठेवून कसरीला घालू? ती असती तर तिनंच आणून दिली असती."

संध्याकाळपर्यंत टेबलावर ढीग लागला. मळक्या, विटलेल्या, बंद तुटलेल्या थैल्या. एकीतही छदाम नाही. त्या ढिगाकडे पाहून मेहिताबेलला भरून आलं. आपण या माणसांना टोमणा मारला आणि यांनी आपल्याला तारलं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. खुंटीवरची नवऱ्याची थैली काढून तिनं ढिगाच्या वर ठेवली.

थैल्या कागदवाल्याकडे गेल्या आणि त्यांचाच कागद होऊन आला. डिसेंबरच्या पानावर तिनं नवऱ्याच्या ओळी गाळल्या आणि स्वतःच्या घातल्या: ‘थैली रिकामी झाली, तेव्हा माझे सोयरे मला कळले.’

त्या पानाची पहिली प्रत तिनं डिलिव्हरन्सच्या हातात दिली. ओळींच्या खाली, कागदातच, दोऱ्याचा एक निळा तंतू अडकला होता. डिलिव्हरन्सनं त्यावर नख ठेवलं आणि तो तसाच राहू दिला.

"छपाई बरी आलीय," ती म्हणाली, आणि तोंड लपवून रडली नाही, तिथेच रडली.