वन्संच्या दारातल्या चपला

टर्पेंटाइन आणि उन्हात वाळणारे बोंबील यांचा मिसळलेला गंध कुठून तरी आला, की आजही माझ्यासमोर आधी वत्सलावन्संचे हात येतात, मग वन्सं. नखांच्या कडांशी कायमचा मुरलेला निळा रंग, मधल्या बोटावर ब्रशने पाडलेला घट्टा, आणि बोलता बोलता हवेत एखादी रेषा ओढून ती मध्येच सोडून द्यायची लकब. जणू वाक्य पुरं करायचं काम समोरच्या उजेडावर सोपवलं आहे. मार्गशीर्षातल्या दुपारी समुद्रावर जो उजेड उतरतो, धड तापलेला नाही आणि धड निवलेला नाही, तसं त्यांचं बोलणं असे. ऊब लागायची, पण ती आपल्यासाठी आहे की नाही याची खात्री होत नसे. आणि ज्याची खात्री होत नाही अशा प्रत्येक गोष्टीचा मला त्या वयात घोर संशय यायचा. या वयात तो गेला आहे असं मी म्हणणार नाही. मुरला आहे, लोणच्यासारखा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न करणार नाही म्हणाल्या, तेवढं आमच्या लालबागच्या चाळीने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. पण तिशी उलटल्यावर एका सकाळी त्यांनी पत्र्याची ट्रंक उचलली आणि वरळीच्या कोळीवाड्यात, समुद्राकडे तोंड केलेली माडीवरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा मात्र चाळीचा श्वास अडकला. त्या गल्लीत तेव्हा चित्रकार, दाढी वाढवलेले नाटकवाले, गिटार घेऊन हिंडणारा एक गोरा, अशी घड्याळाशी वैर असलेली मंडळी जमली होती. सासूबाईंनी मुलीचं नाव टाकलं नाही. त्यांनी तिच्या मागे हेर लावला. तो हेर म्हणजे मी.

तेवीस वर्षांची, मालवणाकडच्या खेड्यातून येऊन दोन वर्षं झालेली, तेल चोपडलेल्या वेणीची मी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हातात घावन-चटणीचा डबा घेऊन निघायची. अंतर ते काय, पण माझा थाट असा, की जणू गलबतात बसून परमुलखात निघाले आहे. ती स्वारी आज मला रस्त्यात दिसली, तर मी हसून हसून कठड्याला धरीन. चेहऱ्यावर एकीकडे पाहुणीचं कौतुक, दुसरीकडे फौजदाराची भुवई. आणि मनात ठाम समजूत, की हे सोंग कुणालाच ओळखू येत नाही.

त्या खोलीत पाऊल ठेवलं, की माझी नजर झाडूसारखी फिरायची. उपडे घातलेले कप दोन का? चित्रावर फडकं टाकलंय, ते कशासाठी? वन्सं खिडकीत बसून शीळ घालायच्या, चक्क शीळ, आणि खाली वाळूवर जाळी विणणारा एखादा म्हातारा मान वर करून हसायचा. त्याचीही मी मनात नोंद घ्यायची. वन्सं मात्र डबा उघडून घावनाचा तुकडा तोंडात टाकत, डोळे मिटत, आणि मला त्यांच्या पापण्यांवर समुद्राची हलती जाळी दिसायची. पाण्यावरून परतलेला उजेड छतावर थरथरे, तिथून त्यांच्या गालावर उतरे. एवढं सुख एकट्या बाईच्या चेहऱ्यावर असूच कसं शकतं, हा प्रश्न मला पडे. माझ्या चेहऱ्यावर ते का नाही, हा प्रश्न पडायची तेव्हा माझी पोच नव्हती.

आणि मग त्या चपला. एका रविवारी जिना चढून गेले, तर दाराबाहेर, उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, पुरुषाच्या काळ्याभोर चपला. दोन्ही टाचा भिंतीला टेकवून, घरचं माणूस ठेवतं तशा. आत वन्सं एकट्याच होत्या. पुढच्या महिन्यातही चपला तिथेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर संशयाची मजा गेली असती. मी घरी आले आणि सासूबाईंना चपलांचं वर्णन केलं. मापासकट.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, घासला, पुसला आणि फळीवर सर्वांत वर ठेवून दिला. त्यानंतर वन्संना आमच्या घराचा उंबरा बंद झाला. गणपतीत नाही, दिवाळीत नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशी वन्सं चाळीच्या फाटकापर्यंत आल्या, वर पाहिलं आणि तिथूनच वळल्या. पुढे त्या तिकडे दक्षिणेत कुठल्याशा खेड्यात मुलांना चित्रकला शिकवायला गेल्या, आणि एका पोस्टकार्डावरून कळलं की त्या आता नाहीत. ते कार्ड वाचून हे दिवसभर गॅलरीत उभे राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बहीणच ती.

हे जाऊनही आता तीन वर्षं झाली. आणि गेल्या मार्गशीर्षात माझी नात सई म्हणाली की आज्जी, वरळीच्या कोळीवाड्यात चल फिरायला, तिकडे आता भारी वाटतं. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं, आणि मग साडी बदलून तयार झाले. कारण चाळीस वर्षं एकच गोष्ट माझ्या घशात अडकली होती. त्या चपलांचा कुणी मालक असेल, तर मी पाहिलं तेच सांगितलं एवढंच होतं. आणि नसेलच कुणी, तर मी एका बाईचं माहेर मोडलं होतं.

कोळीवाडा बदललेला, म्हणून अधिकच संशयास्पद. भिंतींवर चित्रं, एका भिंतीवर कोळणीचा घराएवढा चेहरा आणि तिच्या टोपलीत असा मासा, की त्याची जात चितारणाऱ्यालाही सांगता आली नसती. पूर्वी जाळी विणायची पडवी होती तिथे कॉफीचं दुकान, आणि कॉफी बरणीत. आमच्याकडे त्या बरणीत मीठ असायचं. अंबाडा घातलेल्या एका दाढीवाल्याने माझ्याकडे पाहून विनाकारण गोड हास्य केलं. मी पर्स दुसऱ्या काखेत घेतली. सई म्हणाली, आज्जी, तो मालक आहे इथला. मी म्हटलं, म्हणूनच. पण खरं सांगायचं तर दाढी तीच होती, दुकानाच्या कोपऱ्यातली गिटार तीच होती. फक्त संशय घेणारी तेल चोपडलेली पोर आता पांढऱ्या केसांची झाली होती, आणि पलीकडे समुद्रावर पूल उभा राहिला होता.

वन्संचं घर मात्र होतं. जिन्याच्या पायथ्याशी, पायरीवर सूप घेऊन, जवळ्यातला कचरा निवडत एक म्हातारी बसलेली. मथुराबाई, वन्संच्या घरमालकिणीची तेव्हाची तरणी सून. तिने मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आयुष्यभर बाजारात पापलेटाच्या कल्ल्यात पाहत आले.

"लालबागची वहिनी ना गो तू? डबेवाली?"

मी हो म्हटलं. पायरीवर बसले. मुलंबाळं झाली, गुडघे झाले, मासळीचे भाव झाले. विचारायचं ते ओठांवर येई आणि भरतीच्या पाण्यासारखं मागे जाई. मी अजून शब्दांची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात सईने सरळ विचारलं की आत्याआजी इथे कुणाबरोबर राहायच्या. चाळीस वर्षं जे मला जमलं नाही, ते त्या पोरीने चहा मागावा तसं विचारून टाकलं. मला तिचा राग आला.

मथुराबाई म्हणाली, कोनाबरोबर म्हंजे? एकलीच की. मग मी म्हटलं, अगदी सहज म्हटल्यासारखं, की दारात चपला असायच्या पुरुषाच्या. त्यावर ती हसली. सुपातला जवळा उडाला, तरी हसत राहिली.

"त्या चपला तुजे दादल्याच्या व्हत्या गो."

आणि मग सांगितलं. वरच्या मजल्यावर एकटी बाई. संध्याकाळी कुणी कुणी प्यालेले जिना चढून दार वाजवत. भाऊ एक दिवस आला, त्याने ते ऐकलं, आपल्या पायातल्या चपला काढून बहिणीच्या दाराशी ठेवल्या आणि अनवाणी निघून गेला. घरात पुरुष आहे असं जगाला वाटावं म्हणून. त्यानंतर दार कुणी वाजवलं नाही.

कोळणीने सांगितलं ते सगळं खरं धरायची मला सवय नाही. मी खोदून विचारलं, पण ह्यांच्या चपला तर तपकिरी. मथुराबाईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, तपकिरीच व्हत्या. डावी टाच झिजलेली, अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. वत्सूबाईनं काला रंग दिला वरून. बोलली, वहिनी येते, तिची नजर लय तिखट हाय.

निळा दोरा मीच दिला होता मोच्याला. काळा संपला होता. हे त्या दिवशी घरी अनवाणी आले, देवळाबाहेरून चपला चोरीला गेल्या म्हणाले, आणि मी आठवडाभर त्या चोराला असे तळतळाट दिले, की शेजारणी दार लावून घ्यायच्या. त्या काळी आम्ही नवऱ्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहत नव्हतो, हे कबूल. पण पायांकडेच तर पाहत होतो! आणि माझी तिखट नजर एका रंगाच्या हाताने फसली. गल्लीतल्या प्रत्येक दाढीवर, प्रत्येक शिळेवर मी संशय घेतला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो माझ्याच शेजारच्या चटईवर बसून निमूट भात कालवत होता. सासूबाईंनी डबा फळीवर ठेवला तेव्हा हा माणूस तिथेच होता. एक शब्द बोलला असता. का बोलला नाही, हे आता कुणाला विचारू?

सई माझ्याकडे पाहत होती. तिला अजून कळलं नव्हतं की हसायचं की नाही. मी मथुराबाईला म्हटलं:

"सासूबाईंना मीच सांगितलं होतं. चपलांचं."

मथुराबाई परत जवळा निवडू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "ठावं व्हतं तिला. बोलली, भावाचं नाव काढलं तर आई त्यालाबी भाईर काढील. त्याचं तर लगीन झालेलं."

म्हणजे त्यांनी माझा संसार राखला होता. वर ऊन कलत होतं आणि माडीच्या खिडकीला कुणीतरी नवा, पांढरा पडदा लावलेला होता. सईने माझा दंड धरला, उठवायला की सावरायला कळलं नाही. पण त्या पकडीत, पहिल्यांदाच, किंचित अंतर होतं. आपली आज्जी ही काय बाई आहे, असं ती माझ्याकडे पाहत होती. तसं पाहणं मी ओळखते. पाहू दे म्हटलं.

गल्लीतून बाहेर पडताना मला वाटलं होतं, मन हलकं होईल. झालं उलटंच. माझ्या आठवणीत वन्सं नेहमी एखादं दार अर्धं लोटून उभ्या असायच्या आणि मी त्या फटीतून डोकावत राहायची. चाळीस वर्षं मी त्यांना संशयाच्या निमित्ताने रोज भेटत होते. आता त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलं नाही, आणि गेलेलं माणूस खरंच जातं ते बहुधा त्याच दिवशी.