नॉर्थ विंगचा बाण

मी पाटी बोलतेय. इस्पितळाच्या मधल्या व्हरांड्यात, बाकाच्या वर लटकलेली निळी पत्र्याची पाटी. फार थकलेय हो. लोक माझ्याखाली उभे राहतात आणि शेजारच्याला विचारतात, "नॉर्थ विंग कुठे आहे?"

रंगाऱ्याने मला रंगवलं तेव्हा मी चांगलीच तोऱ्यात होते. वर इंग्रजीत नॉर्थ विंग, पुढे उजवीकडे बाण. खाली साउथ विंग, डावीकडे बाण. उत्तरेला उत्तर म्हणायचं आणि दक्षिणेला दक्षिण, एवढंच आपलं काम, असं मला वाटायचं. पण इथे त्या दिशा राहिल्याच नाहीत. नॉर्थ म्हणजे ऑपरेशनवाले, साउथ म्हणजे ताप-खोकलेवाले. "माझी साउथहून नॉर्थला बदली झाली," असं नर्सबाई कौतुकाने सांगतात. खरी उत्तर कुठे, विचाराल तर त्या तोंडाकडे बघत राहतील.

दीड वर्षापूर्वी भिंतींना रंग दिला. मला उतरवलं आणि परत लावताना समोरच्या भिंतीवर लावलं, कारण तिथे खिळा आयता होता. समोरच्या भिंतीवर गेल्यावर माझे दोन्ही बाण उलटे झाले, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. इथल्या माणसांना वाटा पाठ. ती कशाला माझ्याकडे बघतील? तेव्हापासून मी खोटं बोलतेय, आणि थांबणं माझ्या हातात नाही.

मग एका सकाळी तो गवंडी आला. कामावरून तसाच धावत, कोपरापर्यंत सिमेंट. फोनवर भाची घाई करत होती. "मामा, नॉर्थ विंग, तिसरा मजला. लवकर ये. तुला बघितल्याशिवाय ऑपरेशनला आत जाणार नाही म्हणतेय आई."

बाकावर फाइल घेऊन एक गृहस्थ बसले होते. त्याने त्यांना विचारलं, "नॉर्थ म्हणजे काय हो?"

"उत्तर. तो बघा बाण, उजवीकडे."

गवंडी थबकला. माझ्या वरच्या झरोक्यातून कोवळं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. आयुष्यभर घरांचे पाये आखलेला माणूस तो. "ऊन समोरून येतंय म्हणजे उत्तर डावीकडे हवी," तो म्हणाला.

"अहो, शिकलेल्या लोकांनी लावलेली पाटी आहे. ती चुकेल का?"

तो ओशाळला आणि उजवीकडे पळत सुटला. मला ओरडावंसं वाटलं. पत्र्याला कुठला आलाय आवाज!

तीन जिने चढून, चौकशा करून, धापा टाकत तो परतला तेव्हा भाची माझ्याखालीच उभी होती. "कुठे होतास मामा? नेलं आईला. स्ट्रेचर दारात अडवून धरलं होतं तिने. सारखी वाटेकडे बघत होती."

तो मटकन बाकावर बसला. "कळत होतं गं मला," एवढंच म्हणाला. "उत्तर कुठे ते मला कळत होतं."

भाची वर गेली. त्याला मात्र ऑपरेशनच्या दारासमोर जाऊन बसवेना. तो माझ्याखाली उभा राहिला आणि येईल त्याला सांगू लागला, "नॉर्थ डावीकडे. पाटी चुकीची आहे." लोक त्याच्या मळक्या सदऱ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि उजवीकडे जायचे. तीन तास त्याने हे केलं. ऐकणारे चार-पाच निघाले असतील.

दुपारी भाची धावत आली. "मामा, चल! आई शुद्धीवर आली. पहिलं तुलाच विचारलं." तो रडतच डावीकडे गेला.

मी अजून इथेच आहे. कोणीतरी मला उतरवा हो. आत्ताच एक म्हातारं जोडपं माझ्याखाली थांबलंय. आजोबांनी बोट लावून एकेक अक्षर वाचलं, आजींचा हात धरला आणि माझ्यावर विश्वास ठेवून ते उजवीकडे निघालेत.