लाल झालेलं साटाखत

पांडेसऱ्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. भूमीबापूंनी शेजारच्या लखनभाऊंचं साटाखत, म्हणजे प्लॉटचा दस्ताआधीचा करार, थाळीत ठेवलं. वर तीर्थ शिंपडलं आणि पिवळा कागद लालेलाल झाला. बायकांनी हात जोडले.

"धरती जागी झाली," बापू म्हणाले. "दस्त म्हणजे लग्न. नवरीचा तोरा लग्नाआधीच असतो, पुढे कोण विचारतं? दस्ताआधी विका, दुप्पट घ्या."

लखनभाऊंनी दोन लाखांना घेतलेला तो करार माझ्या नवऱ्याने, योगेंद्रने, तिथेच चार लाखांना घेतला. आमची राहती खोली विकून आलेले पैसे होते ते.

धाकटा निजल्यावर मी एका कागदाला हळद चोळली, चुन्याचं पाणी शिंपडलं. लाल झाला.

"लाल होण्याचं सोड," योगेंद्र म्हणाला. "लखनचे दुप्पट झाले की नाही?"

"झाले. आपल्या खोलीतून."

आम्ही सगळे कामासाठी गुजरातेत आलेले खानदेशी. कापडाच्या लूमवर, बाजारात गुजराती फडाफडा बोलतो. वाचता कुणाला येत नाही. कागद हातोहात फिरला तो असाच. आमची गायत्री मात्र गुजराती शाळेत चौथीला आहे. तिला मांडीवर घेतलं. ती अडखळत वाचत गेली, आम्ही ऐकून अर्थ लावत गेलो. चलथाणच्या शेतकऱ्याने बापूंकडून बयाणा घेतला होता. मुदतीत बाकी रक्कम देऊन दस्त केला नाही, तर करार रद्द. त्याच्या लेखी संमतीशिवाय तो दुसऱ्याला देताही येणार नव्हता.

"मुदत कधीची?"

"गेल्या सोमवारची, पप्पा."

जमीन शेतकऱ्याचीच होती. विकला जात होता नुसता कागद, आणि प्रत्येकाचा नफा मागून येणाऱ्याच्या घरातून निघत होता. मागून आता कुणी नव्हतं.

"आपलीच सरधा कमी पडनी," सासूबाई म्हणाल्या.

गायत्रीने माझ्याकडे पाहिलं. "मी चुकीचं वाचलं का, मम्मी?"

"नाही गं, सोन्या."

योगेंद्रने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "गुरुवारी पुन्हा मंडप आहे. दीपकला घेऊन जातो."

दीपक माझा सख्खा भाऊ. मी लगेच फोन करून त्याला सगळं सांगितलं.

"बापू बोललेच होते, ताई," तो हसला. "पहिली आडवी घरचीच बाई येते."

कागद कोणत्या रंगाचा होतो ते बघू नका. जमीन कुणाची, मुदत कधीची, विकणाऱ्याला हक्क आहे का, एवढं कुणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या तर घरातच वाचणारी होती. आम्ही तिला सही केल्यावर विचारलं.