भिरंडेच्या रंगाची नखं

गौरेशचे हात म्हणजे टिप्पर चालवून चालवून फावडी झालेले. सुर्ल्याच्या खाणीवरची लाल माती पेरांत अशी मुरलेली, की साबणाने उजळायची पण जायची नाही. चेहरा मात्र देवाने सवडीने केलेला. म्हणून तर साखळीच्या नाट्यस्पर्धेसाठी दशावतारी कंपनीचे मालक बाबलीमामा यांनी त्याला राणीचं काम दिलं. तालमीत मामा त्याच्याकडे बघत राहिले आणि पान चघळत म्हणाले, "तोंड राणीचा, हात टिप्परवाल्याचे. शेवटाक राणी आपला पोर दुसरीच्या ओटीत घालता. लोक हातच बघतले. थंय कोण हसलो, तर तू परत द्वारपाल."

आजवर भाला धरून नुसता उभा राहिलेला गौरेश घरी आला तो हात पाठीमागे घेऊनच.

त्याची बायको सुविधा इब्रामपूरची. साखळीच्या एका पार्लरात ती नवऱ्या मुलींची नखं रंगवायची. लेक तारा झाल्यापासून घरीच होती. ती म्हणाली, "हात माझ्याकडे दी. बाकीचा तू बघ."

तारा झोपली की सुविधाला जी काय सवड मिळायची, तेवढ्यात हे काम चालायचं. पहिल्या दिवशी तिने पार्लरातली चिकटवायची नखं आणली. लांब, टोकदार, वर लालभडक नेलपेंट. गौरेशने डोक्यावरून पदर घेतला, आरशासमोर हात उचलला, आणि सुविधाला हसू आवरेना.

"राणी खंयची? राक्षस इलो पोर खावंक."

गौरेश हसला नाही. पदर काढून खुर्चीवर बसला. "तूच हसलंस, मगे लोक काय करतले?"

गरम पाण्यात बुडवून तिने ती नखं एकेक सोडवली. त्याने हाताला हिसका दिला नाही, याचंच तिला जास्त लागलं.

इतक्यात पाळण्यात ताराने झोपेतच मूठ उघडली. सुविधा सहज वाकली आणि तशीच राहिली. भाताच्या कण्यांएवढी नखं. मुळाशी रुंद, गोल, थेट गौरेशची. तीच घडण, बापाच्या हातावर फावडं आणि लेकीच्या हातावर फुलाची पाकळी. या बोटांना तिने किती वेळा तेल लावलं होतं, पण त्यांना आकार आहे हे आज दिसलं. रुंद नख टोकदार केलं की भांडायला उठतं. त्याच्या मुळाची जी गोलाई, तीच टोकाला दिली की शांत होतं. नवऱ्या मुलींना ती हेच सांगायची. नवऱ्याच्या वेळी बरं विसरली.

गौरेशने स्वतःची नखं वाढू दिली. खाणीवर दोस्त म्हणायचे, "गौरेशबाय, गिअर जपून घाल, नख मोडात." तो म्हणायचा, "मोडला तर तुझा काढून लायन."

मग रंग. गुलाबीने बोटं जास्तच काळवंडली. लाल रंग पिवळ्या दिव्याखाली भगवा दिसला. शेवटी खिडकीशी सुपात सोलून ठेवलेल्या भिरंडांकडे, कोकमाच्या फळांकडे, तिचं लक्ष गेलं. ओल्या सालीचा तो गडद, जांभळट लाल. तसली बाटली तिच्याकडे होती. नखाच्या दोन्ही कडांना केसभर जागा सोडून तिने मधून ब्रश ओढला. रुंद नख निमुळतं झालं. आणि पेरांतली ती माती मळ वाटेनाशी झाली, उतरत आलेल्या मेंदीसारखी दिसायला लागली. सुविधाने त्याचा हात उलटसुलट करून पाहिला.

स्पर्धेच्या संध्याकाळी ती ताराला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसली. शेवटचा प्रवेश आला. राणीने फडक्यात गुंडाळलेलं बाळ उचललं. सभागृहात मागे कोणीतरी खाकरलं, आणि सुविधाचे डोळे त्या नखांवरून हलेनात. हसू नये कोणी, देवा.

राणीने बाळ पुढे केलं, पुन्हा जवळ ओढलं. करंगळीने फडक्याचं टोक बाळाच्या हनुवटीखाली खोचलं, मग अंगठ्याने कपाळावरची जावळं मागे सारली. नसलेली जावळं. सगळं सभागृह चिडीचूप.

सुविधाने मांडीवरच्या ताराकडे पाहिलं. ते टोक असं खोचणारी ती होती. रोज, तारा झोपताना. आपण इतके दिवस मान खाली घालून त्याचे हात घडवत होतो, आणि हा तेवढा वेळ आपले हात बघत होता.

पडदा पडल्यावर ती रंगपटात गेली. बाबलीमामा दारातच उभे होते. "पेडण्याच्या प्रयोगाक ह्योच रंग लाय गो," एवढंच म्हणाले आणि पान शोधायला लागले.

साडीतल्या बापाला तारा ओळखेना. ओठ काढून रडायच्या बेतात आली. गौरेशने बोट पुढे केलं. तिने नख निरखलं, मूठ वळली, आणि बोट सरळ तोंडात घातलं.

"सकाळी ड्युटी आसा," तो म्हणाला. "पुसून टाक."

सुविधाने पिशवीतून कापूस आणि रिमूव्हर काढला. बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"तारान बोट सोडल्यार पुसतंय," ती म्हणाली.