इंचभर वर ठोकलेली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी उंचीपट्टी आहे आणि मला फार राग आलेला आहे. म्हातारपणाची चिडचिड म्हणून सोडून देऊ नका. आधी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलोत, तातय बेरोय नावाच्या सुताराच्या अंगणात झाला. त्याने जुन्या दाराची फळी तासली आणि तापल्या सळईने माझ्या अंगावर फूट आणि इंच डागले. सैन्याच्या छावणीचा माणूस मला न्यायला आला तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "हिचा पाय जमिनीला टेकव. बाकीचं ती बघून घेईल." हे वाक्य लक्षात ठेवा. छावणीत ते कुणीच ठेवलं नाही.

छावणीच्या इस्पितळात, भरतीच्या खोलीत मी दाराशेजारी उभी राहिले. सैन्यात शिपाई व्हायला येणारी मुलं आणि परिचारिका व्हायला येणाऱ्या मुली माझ्याशी पाठ लावून उभ्या राहत. पाच फुटांची अट होती. कुणी श्वास रोखून धरायची, कुणी अंबाड्यात चिंध्या कोंबून यायची. मी अंबाडा मोजत नाही, डोकं मोजते. तेव्हाच्या थोरल्या परिचारिका मला थोपटून म्हणायच्या, "सगळे सवलत मागतात, ही बाई देत नाही." केवढी फुशारून जात असे मी!

मग एका वादळात नदी खोलीत शिरली. चिखल उपसला, नवी फरशी घातली आणि भिंतीच्या पायथ्याला सिमेंटची इंचभर उंच कड आली. गवंडी मला हातात धरून म्हणाला, "सर, खाली कड आलीय. ही टेकत नाही जमिनीला."

भरती बघणाऱ्या सार्जंट फाकुंदोला दुसऱ्या दिवशीच्या तपासणीची घाई होती. "मग ठेव की कडेवर! मोजायची फळी आहे, विमान उडवायचंय का तिच्यावर? ठोक!"

आणि ठोकलं. माझं शून्य जमिनीपासून इंचभर वर गेलं. त्या दिवसापासून माझ्यापुढे उभं राहणारं प्रत्येक माणूस इंचाने बुटकं झालं. उंच शिपायांचं त्यात काय जात होतं? गेलं ते मुलींचं. मोजणारे सगळे वर बघतात, खाली कुणी बघत नाही.

जोवेलीन आणि रोवेना या दोन मैत्रिणी तेव्हाच पहिल्यांदा आल्या. दोघी शिकलेल्या परिचारिका. त्यांच्याबरोबरीच्या साऱ्याजणी परदेशात जाऊन घरी पैसे धाडत होत्या, पण यांना सैन्यातच यायचं होतं. जोवेलीन लहान असताना एका वादळात तिच्या गावचा दवाखाना वाहून गेला होता, आणि तिच्या आईचं बाळंतपण एका सैनिकी परिचारिकेने तंबूत, गुडघाभर पाण्यात उभं राहून केलं होतं. ते या पोरीने डोळ्यांनी बघितलं होतं.

दोघी अर्ध्या इंचाने कमी भरल्या.

"पेरूच्या झाडाला लटका जरा," सार्जंट हसत म्हणाला. "लांबाल!"

आणि बिचाऱ्या खरंच लटकल्या! पुढच्या वर्षी पहाटेच निघाल्या, कारण सकाळी माणूस थोडं उंच असतं म्हणे. जीपनीच्या, म्हणजे तिथल्या लांबड्या प्रवासी जीपच्या, बाकावर आळीपाळीने आडव्या पडून आल्या. पुन्हा कमीच भरल्या. त्याच दिवशी मेजरचा भाचाही कमी भरला. तर सार्जंटने माझ्याकडे न बघताच कागदावर त्याची उंची पुरी लिहिली आणि वर म्हणाला, "वाढतं वय आहे." सत्तावीस वर्षांचा घोडा तो! मी भिंतीवर तडफडत होते. पण फळीच्या तडफडण्याचा आवाज येत नाही.

रोवेना थकली आणि रियाधला निघून गेली. तिसऱ्या वर्षी जोवेलीन एकटीच आली. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची खेप होती. मावशीने तिचेही परदेशाचे कागद तयार ठेवले होते.

"पुन्हा आलीस? झाड मोडलं की नाही अजून?" सार्जंट म्हणाला. त्याने माझी सरकती आडवी पट्टी तिच्या डोक्यावर दाबली. "अर्धा इंच कमी. जा पोरी, घरी जा. तुझ्या आईने तुला भात कमी घातला."

जोवेलीन वळली. तिने पिशवी उचलली. तेवढ्यात रांगेत उन्हाने तापलेला एक पोरगेला शिपाई धाडकन खाली पडला. सगळे नुसते बघत राहिले. नापास झालेली पोर मात्र पिशवी टाकून धावली. तिने त्याला कुशीवर वळवलं, गळ्याची बटणं सोडली, नाडी धरली आणि ओरडली, "बघता काय? पाणी आणा! वारा घाला!" तो डोळे उघडेपर्यंत ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती. तिथूनच तिची नजर माझ्या पायाकडे गेली.

तिने कडेजवळ बोट आडवं धरलं.

"सर, ही जमिनीला टेकलेलीच नाहीये."

"तसंच आहे ते. वर्षानुवर्षं."

"वर्षानुवर्षं?" तिचा आवाज चढला. "दोन वर्षं मी झाडाला लटकतेय, सर!"

आवाज ऐकून इस्पितळाच्या मुख्य परिचारिका कॅप्टन तुपास आल्या. त्यांनी वाकून बघितलं, मला उखडायला लावलं आणि जमिनीवर टेकवून धरलं. कितीतरी वर्षांनी माझा पाय जमिनीला लागला. जोवेलीन उभी राहिली. पाच फूट आणि वर अर्धा इंच. कॅप्टनबाईंनी तिथेच तिचा अर्ज पास केला.

जोवेलीन हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, आधी परत पाठवलेल्या मुलींना बोलावणार ना?"

कॅप्टनबाई खाली बघत राहिल्या. त्या मुलींना कुणी बोलावलंच नाही.

चौकशी मात्र झाली. तिचा निकाल काय लागला, ठाऊक आहे? मोजपट्टी सदोष! चोर सोडून संन्याशाला सुळी! सार्जंट फाकुंदोला बढती मिळाली, भिंतीवर दिवा लागणारं नवं यंत्र आलं आणि मला प्राणवायूच्या रिकाम्या नळकांड्यांमागे अडगळीत फेकून दिलं. मला वाळवी लागली. त्याहून जास्त राग लागला.

दोन वर्षांनी अडगळीचं दार उघडलं. लेफ्टनंट जोवेलीन आत आली, मागून रियाधहून सुटीवर आलेली रोवेना. जोवेलीनने मला भिंतीशी उभं केलं. माझा पाय जमिनीवर होता.

"ये गं, उभी राहा."

"आता कशाला? वय गेलं माझं."

"रोवेना, ये."

रोवेना पाठ लावून उभी राहिली. पाच फूट, अर्धा इंच. ती वळली आणि तिने ती खूण बघितली. मग तिने मला एक सणसणीत लाथ मारली, तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. जोवेलीनही तिच्याशेजारी बसली.

ती लाथ माझ्यासाठी नव्हती, मित्रांनो. पण ज्यांच्यासाठी होती ती माणसं तिथे नव्हती, म्हणून मी ती खाल्ली.

उद्या शाळेत तुमची उंची मोजतील. कुणी तुम्हाला कमी म्हणालं, तर झाडाला लटकायला जाण्याआधी खाली वाका. माझ्यासारखीचा पाय जमिनीला टेकलाय का, बघा. नसेल टेकला तर ओरडा, आणि तुमच्या आधी परत गेलेल्यांसाठीही ओरडा. मला ओरडता येत नव्हतं. तुम्हाला येतं.