बाबाजींची वाव

आमच्या पाली गावात होडीच्या नांगराचा दोर फुटाने कोणी मोजत नाही, वावेने मोजतात. दोन्ही हात आडवे ताणायचे; या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत झाली एक वाव. आणि वाव मोजावी तर आमच्या ह्यांनीच, बाबाजींनी. ह्यांची वाव साडेपाच फुटांची, चाळीस वर्षांत तसूभर इकडेतिकडे नाही. त्यामुळे कोणाचा दोर कापायचा असला की गल्ली आमच्या ओट्यावर.

मंगळवारी दुपारी आमचा मुलगा जयकुमार होडी घेऊन आला तो तणतणतच. नांगर धरलाच नव्हता, होडी घसरत पार खडकाजवळ गेली होती. वेळेवर इंजिन चालू झालं म्हणून वाचला.

"बाबा, दोर आखूड पडला."

"चालीस वाव हाय तो. मी मापलाय."

तिथेच दोर पसरला. ह्यांनी मोजला, चाळीस. परत मोजला, चाळीस. तिसऱ्यांदाही बरोब्बर चाळीस. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

पण आमची सून रुचिता टेप घेऊन आली. चाळीस वाव म्हणजे दोनशे वीस फूट भरायला हवेत. तिचे आले एकशे अठ्ठ्याण्णव. परत मोजले तर दोनशे तीन, मग दोनशे. टेप छोटा, दोर पिळाचा, खूण करावी तर सरकते.

"बघ, तुजा टेप दर टायमाला वेगला बोलतो," हे हसले. "माजा बोल एकच."

आता तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा कोणावर? तीनदा तेच सांगणाऱ्यावर, की तीनदा तीन गोष्टी सांगणारीवर? मी सुनेवर खेकसले, "आधी एक काय ते ठरव, मग बोल."

जयकुमार म्हणे, दोर पाण्यात आटला असेल. रुचिता रडवेली झाली. "आई, माझे आकडे हलतायत, पण दोनशेच्या आसपासच हलतायत ना? दोनशे वीसच्या जवळ एकदा तरी गेले का?"

मला काही कळेना. डोकं नुसतं भंजाळलं.

"मग ह्यांनाच लाव तुझा टेप!" मी म्हणाले. खरं तर तिचं तोंड बंद करायला.

ह्यांनी हात ताणले. पाच फूट. मी परत लावायला लावला. पाचच. डावा हात खांद्यातून पुरता उघडतच नव्हता. दिवाळीआधी हे धक्क्यावर घसरून पडले, तेव्हापासून शर्टाची डावी बाही रोज मीच चढवते, आणि मलाच अक्कल नाही! प्रत्येक वाव अर्धा फूट कमी, दर वेळी तेवढीच कमी. मग गणती चुकणार तरी कशी?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हे सुनेवर डाफरणार.

"शेवंती, दिवाळीपासून किती दोर कापलं मी?"

मी बोटांवर मोजले. "सात. आपला धरून."

ह्यांनी चपला घातल्या. "चल. बाकीच्या सहा होड्या उद्या जाणार हायत."

पहिलं घर शशिकांतचं. ऐकून तो हसायलाच लागला. "काका, तुमची वाव आन् खोटी? माझ्यासमोर तीनदा मापलात की!"

"हां," हे म्हणाले. "तीनदा चुकलो. दोर काढ भायेर."