हरतालिकेची कावीळ

वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या इस्पितळात जयवंतीबाई पिवळ्याधमक होऊन पडल्या होत्या, आणि काळजी कसली, तर उद्याच्या हरतालिकेची.

"लग्नाआधीपासून एकदाही चुकली नाही हो माझी."

"या वर्षी चुकली तर शंकर रागावणार नाही," सदानंद म्हणाले. "स्वतः हलाहल पचवलंय त्याने. यकृताचं दुखणं त्याला कळतं."

"तुमची थट्टा घरी ठेवून या." जयवंतीबाईंनी कराकरा दंड खाजवला. काविळीने अंगाला नुसती खाज सुटली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, उपास अजिबात करायचा नाही.

सदानंदांचा जन्म एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. थट्टा काय ती बायकोशी, आणि ती बहुतेक तिच्या उपासांवरून. बायको आजारी पडल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, पुस्तक उघडलं. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या होऊन मोडल्या की त्यांच्या रंगातून एक पिवळा अवशेष उरतो, तो बिलिरुबिन. तो पाण्यात विरघळत नाही. रक्त त्याला यकृताकडे पोचवतं, यकृत त्याला विरघळण्याजोगा करून पित्तात सोडतं, आणि पित्ताच्या नळीतून तो आतड्यात उतरतो. जयवंतीबाईंची नळी कुठेतरी अडली होती. बाहेर पडायचा तो पिवळेपणा उलटा फिरून डोळ्यांत आणि कातडीत येऊन बसला होता.

नळी कशाने अडते, तेही पुस्तकात होतं. बहुतेक वेळा खड्याने. कधी कधी गाठीने. तिथे सदानंदांनी पुस्तक मिटलं होतं.

खडा की गाठ, ते तपासणीच्या अहवालात कळणार होतं, आणि अहवाल यायचा होता गणेश चतुर्थीला.

हरतालिकेच्या दिवशी सून संपदा डबा घेऊन आली. जयवंतीबाईंनी तोंड वाकडं करत मऊ भात खाल्ला. खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सदानंदांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आपला डबा त्यांनी उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी घरचा गणपती बसवून संपदा मोदक घेऊन आली, ती सासऱ्यांकडे बघून दारातच थबकली.

"बाबा, तुमचे डोळे! पिवळे झालेत! आईंची कावीळ लागली तुम्हाला. तरी मी सांगत होते, पाणी उकळून प्या."

सदानंदांनी चष्मा सारखा केला, जणू तेवढ्याने डोळे झाकले जाणार होते. परिचारिका आली आणि त्यांचंही रक्त काढून घेऊन गेली. जयवंतीबाई तर आपलं दुखणं विसरूनच गेल्या. "माझ्या पायी झालं हे," एवढंच घोकत राहिल्या.

दुपारी डॉ. मटिल्डा दोघांचे अहवाल घेऊन आल्या. सदानंद उठून उभे राहिले.

"काकू, खडा आहे. गाठबीठ काही नाही. उद्या तोंडातून दुर्बीण घालून काढून टाकू."

सदानंद मटकन खाली बसले.

"आणि ह्यांचं?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"तुमची कावीळ त्यांना लागलेली नाही. खडा काही कुणाला लागत नाही. पाण्यातून होते ती कावीळ वेगळी, त्यात यकृताला सूज येते. काकांच्या यकृताला सूज नाही, नळीही मोकळी आहे. काही माणसांचं यकृत जन्मापासून या एका कामात संथ असतं. एरवी कळतही नाही, पण पोट उपाशी राहिलं की बिलिरुबिन चढतं आणि डोळ्यांत दिसतं. काळजीचं काही नाही. गिल्बर्ट म्हणतात याला."

"गिल्बर्ट? म्हणजे आपल्या वसईचाच कोणीतरी," जयवंतीबाई म्हणाल्या.

"माझ्या मामांचं नाव आहे ते," डॉक्टर हसल्या, "पण ते उपाशी कधीच राहत नाहीत. काका, काल काय जेवलात?"

सदानंद पुन्हा चष्मा सारखा करू लागले.

"जेवले की! मी भेंडी दिली होती," संपदा म्हणाली. "डबा रिकामा परत आला."

"शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या यजमानांना... आवडली भेंडी," सदानंद पुटपुटले.

जयवंतीबाई टक लावून बघत राहिल्या. "अहो, तुम्ही हरतालिका धरलीत?"

"तुझा नेम मोडू नये म्हणून. नियम मला ठाऊक नव्हते. चुकलं असेल काहीतरी."

"पाणी तरी प्यायलात का?"

"चालतं की नाही ते कळेना. आणि विचारणार कुणाला?"

डॉक्टर बाहेर गेल्या. जयवंतीबाईंनी पिवळ्या हाताने डबा ओढून घेतला आणि एक मोदक पुढे केला. "आधी पाणी प्या. मग हा खा." सदानंद पाणी प्यायले, मोदक खाऊ लागले, आणि मग त्या हसायलाच लागल्या, पदर तोंडाशी धरून.

"अहो, हरतालिका कशासाठी करतात माहीत आहे का? मनासारखा नवरा मिळावा म्हणून. आता पुढच्या जन्मी तुम्हाला चांगला नवरा मिळणार."

संपदा फिस्सकन हसली. सदानंदांचे कान लाल झाले, त्यामुळे डोळे आणखीच पिवळे दिसू लागले.

"मग तूच हो," ते मोदकाच्या घासाआडून म्हणाले.